वाचलें खरें, पण समजलें काय?



माझ्या शाळेंतून चौथी उतरलेल्या एका मुलाची ही गोष्ट. त्याच्या बापाला अक्षराची ओळख सहीपुरतीच. त्यानें सोसायटीचा कागद घरीं आणला व पोराला वाचावयास सांगितलें. पोरानें तो न अडखळतां वाचला. ‘जामीनदार’ हा शब्दही खणखणीत उच्चारला. बापाची छाती फुगली, त्यानें सही ठोकली. पुढें कर्ज दुसऱ्याचें आणि नोटीस ह्याच्या दारीं! पोरगें मला म्हणालें, “गुरुजी, मीं वाचलें होतें, पण त्याचा अर्थ मला कधीं कोणी विचारलाच नव्हता.” दुसऱ्या कोणाचा दोष किती तें असो, माझा दोष मला कळला.

अक्षर कळणें निराळें, अर्थ कळणें निराळें. ज्याचें सारें लक्ष काना-मात्रा जुळविण्यांत गुंतलें, त्याला अर्थाकडे पाहण्यास उसंत नसते. म्हणून ओघानें वाचतां आलें पाहिजे, हें खरेंच. पण ओघ आला कीं काम संपलें असें मानणें, म्हणजे नांगर आणला कीं पीक आलें असें मानणें होय.

१८७५ सालीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं कर्जखतें जाळलीं. तीं खतें त्यांतील बहुतेकांना वाचतां येत नव्हतीं. १८८२ सालीं जोतीराव फुले यांनीं हंटर कमिशनपुढें, प्राथमिक शाळेंत मोडी व बालबोध वाचन, हिशेब आणि शेतीचें ज्ञान द्यावें, अशी मागणी केली, ती उगीच नव्हे. आज आपलीं मुलें वाचतात. पण न वाचतां अंगठा उठविणारा आणि न समजतां सही करणारा, दोघेही सारखेच नागवले जातात.

तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचतां यावें, असें सरकारनें २०२१ सालच्या निपुण भारत मोहिमेंत ठरविलें. मुदत २०२६-२७ ची. हेतु उत्तम, पण तो परिपत्रकानें साधत नाहीं, वर्गांत साधावा लागतो.

आतां मी एक परिच्छेद झाला कीं पुस्तक मिटावयास लावतों. कोणी काय केलें, हें विचारतों; तें पुस्तकांत असतें. कां केलें, पुढें काय होईल, हेंही विचारतों. तें डोक्यांतून काढावें लागतें. शेवटीं सारें घरच्या बोलींत सांगावयास लावतों. ‘पर्जन्य’ म्हणजे आपला पाऊसच, असें ज्याला सांगतां येतें, त्याचेंच वाचन खरें. मुलाच्या बोलीला हंसणारा मास्तर त्याच्या समजुतीचें दार लावून टाकतो. मग बियाण्याची पिशवी आणि फवारणीच्या औषधाची रिकामी खोकीं वर्गांत येतात. लाल खूण म्हणजे सर्वांत जहाल विष. तर बाप फवारायला निघाला असतां त्याला काय सांगशील? ह्याचें उत्तर पाठ करून देतां येत नाहीं.

आयांनो, बापांनो, तुम्हांस वाचतां येत नसलें तरी हें काम तुम्हीं करूं शकतां. रात्रीं भाकरी खातांना पोरीला, पोराला विचारा, “आज काय वाचलेंस, तें मला समजेल असें सांग.” चुकलें तर रागावूं नका, पुन्हा विचारा. आणि जो कागद आपलें मूल आपल्या बोलींत समजावून सांगूं शकत नाहीं, त्यावर तो दुसऱ्या जाणत्याकडून समजून घेतल्यावांचून सही करूं नका.

— एक खेड्यांतील शिक्षक