१:५ लिहिलं, पण प्रिंट काढल्यावर?

विज्ञान प्रकल्पाच्या अहवालात आकृती असतेच. रंग छान, नावंही नीट, पण मापं कुठेच नाहीत. मग ते नुसतं चित्र झालं. अहवाल वाचून दुसऱ्या कुणाला तीच वस्तू बनवता यायला हवी ना? त्यासाठी आकृती प्रमाणात हवी.

पेरिस्कोपचंच घ्या. पुठ्ठ्याची ६० सेंमी उंच, १० सेंमी रुंद चौकोनी नळी आणि आत ४५ अंशांत तिरके बसवलेले दोन आरसे. ए-४ कागद जेमतेम ३० सेंमी लांब, म्हणून १:५ प्रमाण घेऊ. कागदावर नळी १२ सेंमी उंच, २ सेंमी रुंद. कोन मात्र ४५ अंशच राहतो, त्याला पाचाने भागायचं नाही! आता आरशाची तिरकी रेघ मोजा. साधारण २.८ सेंमी भरेल. पाचपट केली की १४ सेंमी. म्हणजे नळी १० सेंमी रुंद असली तरी १० सेंमीचा आरसा तिला पुरणार नाही. हे दुकानात जाण्याआधीच कळलं!

आकृतीवर मापं लिहायची ती खऱ्या वस्तूची. १२ सेंमीच्या रेघेशेजारी ‘६० सेंमी’.

खरी गडबड पुढे होते. आकृतीचा फोनवर फोटो, त्याची पीडीएफ, मग प्रिंट. या प्रवासात आकृती लहान-मोठी होते आणि खाली लिहिलेलं १:५ खोटं ठरतं. उपाय भूगोलाच्या पुस्तकातच आहे, नकाशाखालचं रेषाप्रमाण. आकृतीखाली २ सेंमीची रेघ काढा आणि तिच्यावर ‘१० सेंमी’ लिहा. आकृती आकसली की रेघही तेवढीच आकसते. फोटो मात्र अगदी वरून, सरळ काढा. तिरका आला तर लांबची बाजू दबते, तिथे ही रेघही कामाची नाही.

कांद्याच्या पापुद्र्यातली पेशी काढताना हेच उलट. ०.३ मिमी लांबीची पेशी वहीत ६ सेंमी काढली, तर प्रमाण २००:१. तिथे मायक्रोस्कोपवरचा ‘१००एक्स’ आकडा उतरवून चालत नाही. तो भिंगांचा, तुमच्या आकृतीचा नव्हे.