कौतुक गाडीचें कीं कर्त्यांचें?

गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववीच्या वह्या तपासीत असतां एका वहीच्या मागील पानावर तांबड्या मोटारसायकलीचें चित्र माझ्या दृष्टीस पडलें. चित्र चांगलें होतें. खालीं इटलींतील एका प्रसिद्ध कारखान्याचें नांव, गाडीचा वेग व तिची किंमत हीं सुवाच्य अक्षरांत लिहिलीं होतीं. चित्रकारास जवळ बोलावून मीं विचारिलें, “ही गाडी करणाऱ्या लोकांनीं आरंभीं काय केलें, तें तुला ठाऊक आहे काय?” “नाहीं, सर,” तो म्हणाला, “पण तिचा आवाज मला दुरून ओळखूं येतो.” वर्गांत हशा पिकला. मला मात्र त्या उत्तरानें विचारांत पाडलें. तो विचार विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावा, एवढाच ह्या लेखाचा हेतु.

प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, इटालियन मोटारसायकलींवर लुब्ध होणाऱ्या तरुणांस मी दोष देत नाहीं. कित्येक वडील मंडळी हें परकीय वस्तूंचें वेड म्हणून निकालांत काढतात. मला तें मत मान्य नाहीं. डुकाटी, एमव्ही अगुस्ता, मोटो गुझी ह्या गाड्या पाहिल्या म्हणजे उपयुक्तता व सौंदर्य हीं एकाच हातून कशीं उतरूं शकतात, ह्याचा प्रत्यय येतो. ज्याकोमो अगोस्तिनी ह्या स्वारानें मिळविलेल्या १५ जागतिक विजेतेपदांपैकीं १३ अगुस्ताच्या गाड्यांवर मिळविलेलीं आहेत. उत्तम वस्तु पाहून ज्याचें मन हलत नाहीं, त्याच्या हातून उत्तम वस्तु घडणारही नाहीं. माझी तक्रार निराळी आहे. आमचीं मुलें फळ पाहतात, झाडाचें मूळ पाहत नाहींत.

तें मूळ कोठें आहे? बोलोन्या शहरीं १९२६ सालीं निघालेला डुकाटींचा कारखाना प्रथम रेडिओचे सुटे भाग करीत असे. १९४४ मध्यें बाँबवर्षावानें तो उद्ध्वस्त झाला. युद्ध संपल्यावर, १९४६ मध्यें, तेथें जें यंत्र तयार होऊं लागलें, तें शर्यतीकरितां नव्हतें. साध्या सायकलीस जोडावयाचें ४८ सी.सी.चें तें चिमुकलें इंजिन होतें. ‘कुच्चोलो’, म्हणजे कुत्र्याचें पिल्लू, असें त्याचें नांव. अगुस्ता घराणें विमानें बांधीत असे. पराभवानंतर त्या धंद्यास बंदी झाली, तेव्हां कारखाना चालू राहावा म्हणून तें मोटारसायकलींकडे वळलें. पियाजिओचा विमानांचा कारखानाही असाच बाँबगोळ्यांनीं मोडला होता. त्याच मंडळींत कोर्रादिनो दास्कानियो ह्या विमानविद्येंत मुरलेल्या इंजिनियरानें १९४६ मध्यें व्हेस्पा स्कूटर निर्माण केली. म्हणजे ज्या गाड्यांच्या ऐटीचें आपणांस एवढें कौतुक, त्यांची विद्या ऐटींत नव्हे, अडचणींत वाढली. लोकांस कामावर जावयाचें होतें व जवळ पैसा नव्हता. त्या गरजेस कारागिरांनीं हें उत्तर दिलें.

हें सर्व दूरदेशचें आहे, असें कोणी समजूं नये. पियाजिओच्याच ‘चाओ’ ह्या लहान गाडीच्या धर्तीवर ह. कु. फिरोदिया ह्यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगनें १९७२ मध्यें लूना बाजारांत आणली, आणि ती आपल्या ह्या शहरीं, तेव्हांच्या अहमदनगरांत, तयार होऊं लागली. माझे वडील खेड्यांतील शाळेवर शिक्षक होते. त्यांच्या नोकरीचीं बहुतेक वर्षें लूनेवरच गेलीं. वाटेंत पेट्रोल संपलें तर ते पायडल मारीत घरीं येत. दर शनिवारीं प्लग काढून ते स्वतः घासून स्वच्छ करीत व मला शेजारीं बसवून म्हणत, “जी आपल्याला वाहून नेते, तिची काळजी आपण वाहिली पाहिजे.” आम्हां मुलांस मात्र त्या गाडीची लाज वाटे. तिचें कूळ इटलीचें आहे हें त्या वेळीं कळलें असतें, तर कदाचित् आम्हींही वहीच्या मागें तिचें चित्र काढलें असतें!

पुढें २०१८ मध्यें ह्याच उद्योगसमूहानें एमव्ही अगुस्ताच्या महागड्या गाड्या नगरास जोडण्याचें काम हातीं घेतलें होतें; आणि आज शेजारच्या बारामतीस, पियाजिओच्या कारखान्यांत, एप्रिलियाची आर.एस. ४५७ ही मोटारसायकल आपल्याच देशबांधवांच्या हातांखालीं तयार होते. तात्पर्य, ही विद्या आपल्या अंगणापर्यंत आलेली आहे. दार उघडावयाचें काय तें आपल्याकडे आहे.

परंतु दाराऐवजीं पुष्कळ घरीं थैलीच उघडली जाते. मागील वर्षीं एक माउली शाळेंत येऊन रडूं लागली. मुलगा पंधरा वर्षांचा; मोटारसायकल मिळेपर्यंत जेवणार नाहीं म्हणून बसला होता, आणि वडील कर्ज काढावयास निघाले होते. मीं म्हटलें, “बाई, मुलगा दोन दिवस उपाशी राहिला तर पुनः जेवेल, रस्त्यावर गेला तर पुनः येणार नाहीं.” गिअरच्या गाडीचा परवाना १८ वर्षें पूर्ण झाल्यावांचून मिळत नाहीं. २०१९ च्या दुरुस्तीनें मोटार वाहन कायदा असा झाला आहे कीं, अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडल्यास पालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. पण कायद्याचें भय बाजूस ठेविलें तरी, ज्या वस्तूचें मोल मुलानें घामानें जाणलें नाहीं, ती त्याच्या हातीं देणें ही माया नव्हे. त्या मुलास आम्हीं सुटींत ओळखीच्या एका मिस्त्रीकडे धाडलें. महिनाभर त्यानें जुन्या गाड्यांचीं इंजिनें उघडलीं व पुसलीं. मोटारसायकलीचें त्याचें प्रेम आटलें नाहीं. हट्ट तेवढा आटला.

यास्तव, विद्यार्थिमित्रहो, चित्रें अवश्य काढा; पण ठिणगी कोठें पडते, दट्ट्या कां हलतो, लूनेच्या पेट्रोलांत ऑइल कां घालावें लागे, हेंही विचारा. आणि पालकहो, मुलांच्या ह्या कौतुकास हसूं नका, तें विकतही घेऊं नका. त्याच्या हातीं पाना द्या.

नववींतल्या त्या चित्रकाराची वही मीं परत केली. चित्राखालीं एवढेंच लिहिलें: “हें इंजिन कसें चालतें?” उत्तराची मी वाट पाहत आहें.