अनुदान नौकेला; समुद्राचे काय?

मुंबईच्या माझगाव गोदीत ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस खोल समुद्रात मासेमारी करणाऱ्या नव्या नौका सहकारी संस्थांच्या स्वाधीन करण्यात आल्या. पाठोपाठ नोव्हेंबरच्या आरंभी केंद्र सरकारने किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या आपल्या आर्थिक क्षेत्रातील मासेमारीचे नियमही जाहीर केले. आयुष्य संपत आलेल्या नौका घेऊन उथळ पाण्यात दाटीवाटी करणाऱ्या मच्छीमाराला बारा मैलांपलीकडच्या पाण्यात न्यावयाचे, असे हे धोरण आहे. कुप्यासारखा मोलाचा मासा त्या पाण्यात आहे आणि तो आजवर बव्हंशी इतर देशांचीच जहाजे पकडीत आली, हे ध्यानात घेता या उद्देशाचे स्वागत करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. नव्या नियमांत सहकारी संस्थांना अग्रक्रम आहे आणि प्रखर दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीस मनाई आहे, हेही चांगलेच झाले.

परंतु हिशेब मांडला की शंका सुरू होतात. पंतप्रधान मत्स्यसंपदा योजनेने अशा एका नौकेची किंमत १ कोटी २० लाख रुपये धरली. सर्वसाधारण लाभार्थ्याला त्यावर ४० टक्के साहाय्य. महिला, अनुसूचित जाती व जमाती यांना ६० टक्के. म्हणजे सामान्य नाखव्याने ७२ लाख रुपये स्वतः उभे करावयाचे. हे पैसे तो आणणार कोठून? बँक तारण मागते, आणि कोळीवाड्यातल्या कित्येक घरांच्या जागेचे कागदपत्रच धड नाहीत. मग उरतो बंदरावरचा व्यापारी. तो पैसे आगाऊ देतो, परंतु मासळी त्यालाच आणि त्याच्याच भावाने घातली पाहिजे, या अटीवर. अशा व्यवहारात नौका नाखव्याच्या नावावर राहते आणि मिळकत दुसऱ्याच्या पेढीवर जमा होते. सहकारी संस्थेच्या पाटीआड हेच घडणार नाही, याची हमी कोण देणार?

ही भीती कल्पनेतली नव्हे. भारत, नॉर्वे आणि संयुक्त राष्ट्रसंघ यांच्यात १९५२ मध्ये करार झाला आणि केरळात कोल्लमजवळ गरीब कोळ्यांना यांत्रिक होड्या देण्याचा प्रकल्प सुरू झाला. हेतू निर्मळ होता. पुढे कोळंबीला परदेशी गिऱ्हाईक मिळाले, ट्रॉलची जाळी आली आणि होड्यांची मालकी पैसेवाल्यांकडे सरकत गेली. समुद्राचा तळ खरवडला जाऊ लागला तेव्हा पारंपरिक मच्छीमार रस्त्यावर उतरले, आणि १९८८ मध्ये केरळ सरकारला पावसाळ्यातील ट्रॉलिंग बंद करावे लागले. खोल समुद्र परदेशी भागीदारीतील जहाजांना खुला करण्याचे १९९१ चे धोरणही असेच देशभरच्या मच्छीमारांच्या विरोधाने मागे घ्यावे लागले.

यापेक्षाही बोधप्रद उदाहरण पाल्कच्या उपसागराचे आहे. तेथील तमिळ मच्छीमारांना ट्रॉलर सोडावयास लावून कुपा पकडणाऱ्या लांब गळाच्या नौका द्यावयाच्या, अशी योजना २०१७ मध्ये निघाली. नौका ८० लाखांची, त्यात केंद्र व राज्य मिळून ७० टक्के अनुदान, आणि तीन वर्षांत दोन हजार नौकांचे लक्ष्य. ती लक्ष्याच्या जवळपासही पोहोचली नाही. रोज पहाटे परतणाऱ्या माणसाला दोन-तीन आठवडे दर्यावर राहण्याची सवय नव्हती, गळाने मासे धरण्याची विद्या वेगळी होती, आणि उरलेले कर्ज जड होते. तरीही त्या योजनेत एक शहाणपणाची अट होती: नवी नौका घेणाऱ्याने जुना ट्रॉलर मोडीत काढला पाहिजे.

आमच्या मते महाराष्ट्रात आज नेमक्या याच अटीची गरज आहे. नवी नौका दूर गेली आणि जुनी दुसऱ्या कोणी विकत घेऊन पुन्हा वसई-अलिबागच्या पाण्यात लोटली, तर किनाऱ्यावरची गर्दी तसूभरही कमी होणार नाही. पापलेटाला २०२३ मध्ये राज्यमाशाचा मान मिळाला. मान मिळाला खरा, परंतु त्याची हाताच्या पंजाएवढीही न झालेली पिल्ले बाजारात येतच आहेत. राज्याचा १९८१ चा कायदा २०२१ मध्ये दुरुस्त होऊन दंडही वाढले. गस्तीच्या बोटी मात्र गुन्ह्यांच्या मानाने थोड्याच आहेत.

पालघर येथे ३० ऑगस्ट २०२४ रोजी एकाच समारंभात एक लाख नौकांवर संदेशयंत्रे बसविण्याच्या योजनेचा प्रारंभ झाला आणि वाढवण बंदराची पायाभरणीही झाली. ज्या डहाणूच्या पाण्यात हे बंदर होणार, तेथलेच मच्छीमार त्याला विरोध करीत आले आहेत. एका हाताने यंत्र द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने मासेमारीची जागा घ्यावयाची, यातली विसंगती व्यासपीठावर कोणाला जाणवली असेल का, कोण जाणे.

राज्य सरकारने पुढच्या नौका वाटण्यापूर्वी तीन गोष्टी कराव्यात. जुन्या नौकेचा परवाना रद्द झाल्याचा दाखला दिल्यावाचून अनुदानाचा शेवटचा हप्ता देऊ नये. संस्थेचे सभासद स्वतः समुद्रावर जाणारे आहेत की नाही, याची तपासणी दरवर्षी व्हावी. आणि तांडेल व खलाशी यांना लांब गळाचे शिक्षण देण्याची सोय नौकेच्या आधी व्हावी, मागाहून नव्हे.