पूररेषा, वाडीतले घर आणि विम्याचा कागद



कोकणात आपल्या बौद्धवाड्या कुठे वसल्या आहेत ते एकदा नीट पाहावे. अनेक गावांत त्या वेशीबाहेर, सखल भागात, नदी-वहाळाच्या अंगाला नाही तर डोंगराच्या उतारावर सापडतील. ही जागा आपल्या पूर्वजांनी निवडलेली नव्हती. गावाने जे सोडून दिले त्यावर त्यांनी झोपडी घातली. आज त्याच जागेवर मुंबईत गिरणीत, गोदीत, महापालिकेत, एस.टी.त राबलेला आपला माणूस प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे घालून स्लॅबचे घर उभारतो. आयुष्याची कमाई एका जोत्यावर ठेवली जाते. ते जोते पाण्याच्या वाटेत आहे की नाही, हा प्रश्न मात्र घरभरणी झाल्यावर, पहिल्या मोठ्या पावसात पडतो.

22 जुलै 2021 हा दिवस कोण विसरेल? महाडात सावित्री आणि चिपळुणात वाशिष्ठी घराघरांत शिरली आणि त्याच दिवशी महाड तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली. महाड म्हणजे 1927 सालच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाची आपली भूमी. तिथे 2005 सालीही असेच पाणी भरले होते. कोकणातील नद्या आखूड. घाटात कोसळलेला पाऊस काही तासांतच खाली येतो आणि त्याच वेळी खाडीला भरती असली तर समुद्र पाणी घेत नाही. पाण्याने मग जायचे कुठे? ते बाजारपेठेत आणि वाडीत पसरते.

हे पाणी कुठवर येऊ शकते याच्या रेषा शासनाच्या जलसंपदा खात्याने, ज्याला आपण अजून पाटबंधारे खातेच म्हणतो, अनेक शहरांलगतच्या नद्यांसाठी आखल्या आहेत. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची ती निळी रेषा, 100 वर्षांतून एकदा येणाऱ्याची ती लाल रेषा. नदीपासून निळ्या रेषेपर्यंतचा पट्टा निषिद्ध, म्हणजे तिथे शेती, बाग, मैदान चालेल, घर नाही. निळ्या व लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित. तिथे अटींवर परवानगी मिळते आणि त्यातली मुख्य अट जोते लाल रेषेच्या पातळीहून उंच असावे ही आहे.

आता 'शंभर वर्षांतून एकदा' या शब्दांनी पुष्कळ जण फसतात. 2021 ला आला, आता आपल्या नातवाच्या काळात येईल, असे समजून निर्धास्त बसतात. त्याचा अर्थ तसा नाही. दर वर्षी शंभरात एक एवढी शक्यता, आणि ती दर वर्षी नव्याने. हिशेब केला तर लाल रेषेच्या काठावरच्या घरात 30 वर्षांत एकदा तरी पाणी शिरण्याची शक्यता चारात एक होते. निळ्या रेषेच्या काठावर ती दहात सात. एवढ्या शक्यतेवर कोणी फंडाचा पैसा लावील काय?

म्हणून जागा घेण्यापूर्वी अगर पाया खणण्यापूर्वी पाटबंधारे कार्यालयात किंवा नगरपरिषदेत पूररेषेचा नकाशा पाहावा. गट नंबर बरोबर न्यावा. जिथे रेषा आखलेली नाही तिथे वाडीतल्या आजीला विचारावे. 2005 चे पाणी कुठल्या पायरीपर्यंत होते, 2021 चे कुठवर, हे ती अचूक सांगते. एक खुलासा आवश्यक आहे. समुद्र व खाडीकाठची सी.आर.झेड.ची रेषा वेगळी. ती किनाऱ्याच्या रक्षणासाठी आणि बांधकामावरील बंधनांसाठी आहे. तुमची जागा तिच्या बाहेर आहे म्हणजे तिथे पाणी येणार नाही, असे नव्हे.

पूर ही केवळ दैवाची गोष्ट मानू नये, हे बाबासाहेबांनी कृतीने दाखविले आहे. 1943 साली दामोदर नदीला मोठा पूर आला तेव्हा ते व्हाईसरॉयच्या मंडळात मजूर मंत्री होते. त्या नदीच्या योजनेसाठी झालेल्या परिषदा त्यांच्या अध्यक्षतेखाली झाल्या आणि पुढे 1948 साली दामोदर खोरे महामंडळ स्थापन झाले.

आता विम्याकडे वळू. आपल्या घरांत विमा म्हणजे एल.आय.सी., एवढेच ठाऊक असते. तो माणसाच्या आयुष्याचा. घराचा विमा साधारण विमा कंपन्या देतात. निव्वळ पुराचा असा वेगळा विमा घरासाठी शोधत बसू नये, तो आगीच्या विम्यातच येतो. 1 एप्रिल 2021 पासून असा विमा विकणाऱ्या सर्व कंपन्यांना 'भारत गृह रक्षा' ही एकाच नमुन्याची पॉलिसी द्यावी लागते. तीत आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, दरड हे सारे धरलेले आहे.

हिशेब जागेच्या किमतीवर नसतो. जमीन वाहून जात नाही, घर पुन्हा बांधायला काय लागेल तेवढाच विमा. समजा घर 500 चौरस फूट आणि बांधकामाचा दर 1,500 रुपये, तर विम्याची रक्कम साडेसात लाख. घरातील सामानासाठी या रकमेच्या 20 टक्के, म्हणजे येथे दीड लाख, आपोआप धरले जातात (कमाल मर्यादा 10 लाख). क्षेत्रफळ खरे सांगावे, हप्ता वाचविण्यासाठी कमी लिहू नये. रोख रक्कम, कागदपत्रे व वाहने यांत येत नाहीत. दागिन्यांसाठी वेगळी तरतूद मागून घ्यावी लागते. भाड्याने राहणाऱ्यांनाही फक्त सामानाचा विमा काढता येतो, आणि ज्यांच्या घराच्या जागेचा कागद अजून नावावर नाही त्यांनी निदान एवढे तरी करावे. भिंती कुडाच्या किंवा छप्पर गवताचे असेल तर तसे अर्जात स्पष्ट लिहावे. बँकेचे कर्ज असल्यास बँकेने काढलेला विमा फक्त कर्जापुरता आहे की पूर्ण घराचा, तेही विचारून घ्यावे. आणि विमा मे महिन्यापूर्वी काढावा. पाणी अंगणात आल्यावर कोणी विकत नाही.

'सरकार भरपाई देते की' असे म्हणणारे भेटतात. 2022 ते 2026 या काळाच्या निकषांत पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला सपाट भागात 1 लाख 20 हजार आणि झोपडीला 8 हजार रुपये ठरले होते. तेवढ्यात घर उभे राहते का, ते गवंड्याला विचारा. तरी पंचनामा करून घ्यावाच. तो हक्क आहे, आणि विम्याच्या कामी पुरावा म्हणूनही उपयोगी पडतो.

नुकसान झाल्यावर कंपनीला ताबडतोब कळवावे. चिखल काढण्याआधी भिंतीवरील पाण्याची खूण, भिजलेले सामान, सर्वांचे मोबाईलवर फोटो घ्यावेत. सर्व्हेअर येईपर्यंत खराब वस्तू फेकू नयेत. दाव्याचा अर्ज 30 दिवसांच्या आत द्यावा. पॉलिसी मुंबईच्या खोलीत ट्रंकेत आणि घरधनीण गावी पुरात, असे बहुधा होते. म्हणून पॉलिसीचा नंबर व फोटो वहिनींच्या मोबाईलवरही असू द्या, आणि जमल्यास घर व विमा दोन्हींवर त्यांचे नाव असू द्या. कंपनीने दावा नाकारला किंवा तक्रारीला महिनाभर उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी लागत नाही, वकील लागत नाही. अर्ज एक वर्षाच्या आत करावा.

पुढील अंकी मिळकत पत्रिकेवर वारसाची नावे कशी चढवावीत ते पाहू.