घरघरणारा पंखा आणि निर्लेखनाचा प्रस्ताव

अलिबाग तालुक्यातील एका शाळेच्या संगणककक्षातील जुने संगणक ‘अतिशय आवाज करतात, सबब निरुपयोगी’ असा शेरा मारून निर्लेखनाच्या, म्हणजे दप्तरातून कमी करण्याच्या, यादीत दाखल करण्यात आल्याचे या आठवड्यात समजले, आणि निर्लेखन या प्रकाराविषयीचा माझा संताप, जो या सदराच्या वाचकांना पुरेसा परिचित आहे, पुन्हा उसळून आला. त्यांपैकी एक यंत्र माझ्या समक्ष उघडण्यात आले. बाजूचा पत्रा काढताच दिसले ते असे की, प्रोसेसरवरील ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या फटींत धुळीचा नमद्यासारखा जाड थर बसलेला, खाऱ्या दमट हवेने तो ओला होऊन पट्ट्यांना चिकटलेला, आणि त्या पट्ट्यांची बैठक मदरबोर्डावर दाबून धरणाऱ्या प्लास्टिकच्या चार खुंट्यांपैकी एक सुटून वर आलेली. बैठकीचा स्पर्श तिरका झाला, उष्णता बाहेर पडेना, आणि तापमान पाहून गती ठरवणारा बैठकीवरचा पंखा सकाळपासून शाळा सुटेपर्यंत पूर्ण वेगाने धावत राहिला. पंख्याची गती दुप्पट झाली की त्याचा आवाज सुमारे १५ डेसिबलांनी चढतो. तो चढलेला आवाज यंत्राच्या वार्धक्याचा पुरावा म्हणून दप्तरी नोंदवला गेला.

हे अलिबागेत घडावे याचे मला विशेष दुःख आहे. कारण व्यत्यय कोठून येतो हे शोधून काढण्याच्या शास्त्रीय वृत्तीचे जे एक ठळक उदाहरण आपल्या देशात आहे, ते याच गावात समुद्राच्या काठी उभे आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची मोजमापे घेतली जात होती. पुढे शहरातील ट्राम विजेवर चालवण्याची तजवीज सुरू झाली, तेव्हा त्या प्रवाहांमुळे सूक्ष्म चुंबकसूच्या विचलित होऊन नोंदी दूषित होणार, हे वेधशाळेचे संचालक नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस यांनी ओळखले. उपकरणे जुनी झाली, आता हा कारभार गुंडाळावा, असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. बिघाड उपकरणांत नसून भोवतालात येऊ घातला आहे, हे निश्चित करून त्यांनी मुंबईच्या गलबल्यापासून दूर अशी अलिबागची जागा निवडली, तेथे पोरबंदरच्या अचुंबकीय दगडाची इमारत लोखंड कटाक्षाने टाळून उभी राहिली, आणि १९०४ पासून नोंदी सुरू झाल्या. याहून मोलाची गोष्ट पुढेच आहे. १९०६ पर्यंत कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजमापे घेण्यात आली, अशा हेतूने की एका जागेचे आकडे दुसऱ्या जागेच्या आकड्यांशी ताडून पाहता यावेत आणि साठ वर्षांहून अधिक काळ जपलेली मालिका खंडित होऊ नये. मुंबईत विजेची पहिली ट्राम १९०७ साली धावली, तोवर हे सारे पार पडले होते. व्यत्यय निराळा आणि यंत्र निराळे, हा विवेक त्या माणसाने सरकारी नोकरीत राहून, सरकारी खर्चाने आणि सरकारी मंजुरी घेऊनच पाळला. म्हणून सरकारी नियमांत दुरुस्तीला वाव नसतो, ही सबब मला कोणी सांगू नये.

आता शाळेच्या पंख्याकडे येतो. आवाज ऐकून दोष बराचसा कळतो. अखंड सों-सों असेल तर उष्णता साचली आहे, आणि धूळ काढून, प्रोसेसरवरची वाळून कडक झालेली थर्मल पेस्ट पुसून नवी लावल्यास तो बहुधा ओसरतो. यंत्र सुरू होताना खरखर होऊन तापल्यावर ती मंदावत असेल तर बेअरिंगचे तेल आटले आहे. टकटक होत असेल तर एखादी तार पात्याला लागते आहे, आणि ती बाजूला बांधण्यास एक क्षण पुरतो. धूळ उडवताना वीज पूर्ण बंद करून पाते बोटाने धरून ठेवावे. मोकळे सोडलेले पाते ब्लोअरच्या झोताने भलत्याच वेगाने फिरून बेअरिंगची हानी करते. तेलाच्या बाबतीत मात्र आमच्या किनाऱ्यावरील एका सवयीविरुद्ध मला कळकळीने सांगावयाचे आहे: पंख्यात खोबरेल घालू नका. ते सुमारे २४ अंशांखाली थिजते, आणि पौषातल्या पहाटे येथील पारा त्याखाली सहज उतरतो. मधल्या गोल चिकटपट्टीखाली शिलाई मशीनच्या तेलाचा एखादा थेंब पुरे. बेअरिंगच झिजले असेल तर पंखा बदलावा. चौकटीची रुंदी मोजून ८०, ९२ किंवा १२० मिलिमीटरचा, बारा व्होल्टचा पंखा आणावा, आणि चार तारांच्या जागी तीन तारांचा आणू नये, कारण काही मदरबोर्डांवर असा पंखा सदैव पूर्ण वेगाने फिरत राहतो. एसएमपीएसची, म्हणजे वीजपुरवठ्याची, पेटी मात्र कोणी हौसेने उघडू नये. वीज काढल्यावरही तिच्यातील कपॅसिटर भारित असतात, तिचे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

खेड्यापाड्यांतील शाळांतून भंगारात गेलेली बहुतेक यंत्रे मुळीच निकामी नसतात, त्यांच्या देखभालीचा करार संपलेला असतो, एवढाच त्यांचा अपराध, असे माझे ठाम मत आहे. ज्या मुलांच्या घरी संगणक नाही, त्यांच्या वाट्याचे बाक अशा प्रत्येक शेऱ्याने रिकामे होते. मुख्याध्यापकांना आणि शिक्षण खात्याच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे की, डेडस्टॉक रजिस्टरातून संगणक कमी करण्याच्या प्रस्तावावर सही करण्यापूर्वी यंत्र उघडून साफ केल्याचा आणि नंतर चालवून पाहिल्याचा लेखी दाखला मागावा, आणि तो नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा.

— अष्टागरकर