गर्दी जोडून वाढत नाही

यंत्रमाग कामगारांच्या मोर्चाची दोन छायाचित्रे संगणकावर जोडून गर्दी दुप्पट दाखवावी, असा आग्रह आपल्यातीलच काही तरुण कार्यकर्ते धरू लागले आहेत. विरोधक हेच करतात, मग सोवळेपणा आपणच का पाळावा, हा त्यांचा युक्तिवाद. वरवर तो व्यवहारी वाटतो. वस्तुतः तो आत्मघातकी आहे.

विरोधक हे करतात, हे खरेच. डिसेंबर २०१५ मध्ये चेन्नईच्या पुराची हवाई पाहणी करणाऱ्या पंतप्रधानांचे जे छायाचित्र पत्र सूचना कार्यालयाने प्रसृत केले, ते दोन छायाचित्रांचे जोडकाम निघाले. ते मागे घेऊन कार्यालयाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. १९५० मध्ये अमेरिकेत सिनेटर टायडिंग्ज यांना पाडण्यासाठी कम्युनिस्ट नेते ब्राउडर यांच्यासोबतचे त्यांचे बनावट छायाचित्र वाटले गेले. समाजवादाचे नाव घेणाऱ्यांचे हातही स्वच्छ नाहीत. येझोव्हला देहदंड दिल्यावर स्टालिनच्या शेजारची त्याची आकृतीही पुसली गेली. यांपैकी कोणाचा वारसा आपल्याला हवा आहे?

प्रश्न केवळ नीतीचा नाही. मोर्चा कोणावर दडपण आणण्यासाठी काढतात? मालकावर. आपल्या कारखान्यातील किती माग बंद पडले, हे मालकाला बिनचूक ठाऊक असते. तो छायाचित्राने फसत नाही. फसतो तो आपलाच कामगार. आणि ज्या दिवशी त्याला हे कळते, त्या दिवशी तो आपल्या खऱ्या आकड्यांवरचाही विश्वास गमावतो.

भिवंडीने तर हा धडा रक्ताने गिरवला आहे. ७ मे १९७० आणि पुन्हा मे १९८४ मध्ये हे गाव दंगलींत होरपळले. कापडाच्या मीटरवर मजुरी मिळवणाऱ्याला संचारबंदीचा प्रत्येक दिवस उपासाचा असतो. मग तो अन्सारी असो, पद्मशाली असो वा मराठा. २०१४ मध्ये थोर पुरुषांची विकृत केलेली चित्रे फेसबुकवर पसरली आणि त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेल्या एका तरुणाचा हडपसरमध्ये जमावाने बळी घेतला. अशा हत्याराला आपण कोणत्या तोंडाने हात लावणार?

याउलट १९८८ नंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने येथे मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या. दोन्ही समाजांतील माणसे समोरासमोर बसून अफवेची शहानिशा करू लागली. डिसेंबर १९९२ मध्ये मुंबई पेटली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. तो विजय डोळ्यांनी पाहून आणि विचारून खात्री करण्याच्या सवयीचा होता.

म्हणून मोर्चात पाचशे माणसे आली तर पाचशेच दाखवावीत. संख्या कमी वाटत असेल, तर संगणकापुढून उठून मागांच्या गल्लीत शिरावे. पुढच्या मोर्चाची गर्दी तेथेच वाढेल.