कर्जाचे माहितीपट शाखेत दाखवा

बदली, बढती, थकबाकी, ओव्हरटाइम, कोणत्याही प्रश्नावर आमचा सभासद युनियनच्या कचेरीत येऊन भांडतो. पण तोच सभासद कर्जात बुडाला की कचेरीत येणेच बंद करतो. वसुलीवाला ऑफिसच्या दारात उभा राहिला की मग आम्हाला कळते. तोवर उशीर झालेला असतो. ही लाज मोडल्याशिवाय कर्जाविरुद्ध लढता येणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. शाखेत माहितीपट दाखवणे हा त्यासाठीचा एक सोपा आणि स्वस्त मार्ग आहे.

दोन माहितीपट आम्ही सुचवतो. पहिला अमेरिकेतला, जेम्स स्करलॉक यांचा ‘मॅक्स्ड आउट’ (२००६). विषय क्रेडिट कार्डाचा धंदा. कर्जापायी मुले गमावलेल्या माता त्यात बोलतात, वसुली करणारेही बोलतात. कायद्याच्या प्राध्यापक एलिझाबेथ वॉरेन त्यात एक अनुभव सांगतात. बुडीत कर्ज कसे कमी करावे, असे एका बँकेने त्यांना विचारले. आधीच अडचणीत असलेल्यांना कर्ज देऊ नका, असे त्यांनी सुचवले. त्यावर उत्तर मिळाले की, नफा तर त्यांच्याकडूनच मिळतो! हप्ता थकवणारा माणूस सावकाराला नकोसा असतो, हा आपला समज किती भाबडा आहे, हे येथे कळते.

दुसरा आपल्या मातीतला, दीपा भाटिया यांचा ‘नीरोज गेस्ट्स’ (२००९). पत्रकार पी. साईनाथ यांच्याबरोबर तो विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त शेतकऱ्यांच्या घरांत जातो. नीरोने कैदी जाळून मेजवानीत उजेड केला. पण ते पाहत जेवणारे पाहुणे कसले, हा त्याचा सवाल आहे. खेड्यात टपाल वाटणाऱ्या आमच्या डाकसेवकाला अशी घरे नावानिशी माहीत असतात. आपल्यातले कितीतरी जण अशाच शेतकरी घरांतून नोकरीला आले आहेत.

कोणी म्हणेल, कामगार उधळपट्टी करतो, लग्नात ऐपतीबाहेर खर्च करतो, मग कर्ज होणारच. यात काहीच तथ्य नाही, असे आम्ही म्हणत नाही. पण १९३१ सालचा शाही श्रम आयोगाचा अहवाल पाहा. बहुतेक औद्योगिक केंद्रांत किमान दोन-तृतीयांश कुटुंबे कर्जबाजारी आणि बहुतेकांचे कर्ज तीन महिन्यांच्या पगारापेक्षा जास्त, असा त्याचा अंदाज होता. तेव्हा ना कार्ड होते, ना मोबाईल. तुटपुंजा पगार आणि भरमसाट व्याज मात्र होते. पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा राहणारा काबुली सावकार त्या अहवालात आहे. आज तो गेटवर दिसत नाही, कारण तो मोबाईलमध्ये शिरला आहे.

त्याला आवर घालणारे नियम आहेत. कर्ज देणाऱ्या अॅपने फोनमधली नातेवाईक-मित्रांच्या नंबरांची यादी उघडू नये, व्याजाचा वार्षिक दर आधी लेखी सांगावा, वसुलीचे फोन सकाळी ८ पूर्वी आणि संध्याकाळी ७ नंतर करू नयेत, असे रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये बजावले. पण लाजेने गप्प बसलेल्या माणसाला हे नियम सांगणार कोण?

म्हणून आमची सूचना अशी. सिनेमा संपल्यावर दिवे लावून लगेच घरी जाऊ नये. तासभर बसावे. महिना ३.५ टक्के म्हणजे वर्षाला ४२ टक्के, हा हिशेब फळ्यावर मांडावा. पदाधिकाऱ्यांनी आधी स्वतःचे कर्ज सांगावे. मग इतरांची जीभ सुटेल.

आणि थोडे आपल्याच घरातही पाहावे. सोसायटीच्या निवडणुकीत आपण पॅनेल उभी करतो, पोस्टर लावतो. पण दवाखान्यासाठी तातडीने पैसे हवे असलेल्या सभासदाला दोन जामीन आणि पुढच्या मीटिंगची तारीख सांगितली जाते. मोबाईलवर मात्र पाच मिनिटांत पैसे मिळतात. मग तो कुठे जाईल? आजारपणाचे छोटे कर्ज त्याच दिवशी मंजूर झाले पाहिजे, ही मागणी प्रत्येक शाखेने आपल्या सोसायटीपुढे ठेवावी.

पगारवाढीसाठी आपण रस्त्यावर उतरतो. वाढलेला पगार व्याजात जात असेल, तर तोही युनियनचाच प्रश्न आहे.